समांतर रेषेचं समीकरण: डावी बाजू तशीच ठेवा, स्थिरपद तेवढं शोधा

प्रश्न असा आहे: ३क्ष − ४य + ७ = ० या रेषेला समांतर आणि (२, −५) या बिंदूतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढायचं आहे. माझं उत्तर ३क्ष + ४य + १४ = ० येतं, पुस्तकात ३क्ष − ४य − २६ = ० दिलं आहे. माझी रेषा (२, −५) मधून जाते हे मी तपासलं. मग चूक कुठे आहे, आणि अशी गणितं सोडवायची खात्रीची रीत कोणती?

पुस्तकातलं उत्तर बरोबर आहे. चूक एका चिन्हाची आहे: दिलेल्या रेषेचा चढ ३/४ आहे, तुम्ही तो −३/४ धरलात. त्यापुढचं सगळं अचूक केलंत, म्हणूनच तुमची रेषा (२, −५) मधून बिनचूक जाते. पण ती दिलेल्या रेषेला समांतर नाही. दोन्ही समीकरणांची बेरीज करून पाहा, ६क्ष = −२१ मिळतं, म्हणजे त्या (−७/२, −७/८) या बिंदूत चक्क एकमेकींना छेदतात.

तुमची पडताळणी चुकीची नव्हती, अर्धी होती. गणितात अटी दोन आहेत, दिशा आणि बिंदू. बिंदू ठेवून पाहिल्याने फक्त दुसरी अट तपासली जाते. चढ काहीही घेतला तरी बिंदू-चढ सूत्र तुम्हाला त्या बिंदूतून जाणारीच रेषा देणार, कारण ते सूत्र त्यासाठीच आहे. त्यामुळे चढ चुकलेला असताना ही पडताळणी कधीच ओरडत नाही.

आता रीत. समीकरणातला चल असलेला भाग, म्हणजे ३क्ष − ४य, हात न लावता उचला. स्थिरपद माहीत नाही असं समजून त्याला ख म्हणा:

३क्ष − ४य = ख

बिंदू या रेषेवर आहे, म्हणून क्ष = २, य = −५ ठेवा:

ख = ३(२) − ४(−५) = ६ + २० = २६

उत्तर ३क्ष − ४य = २६, म्हणजेच ३क्ष − ४य − २६ = ०. चढ काढला नाही, अपूर्णांक आला नाही, चिन्ह बदलायची वेळही आली नाही. या रीतीत चूक होण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे −४ गुणिले −५. ऋण निर्देशक कंसात लिहिला की तीही जाते.

हे का चालतं ते एकदा नीट पाहून घ्या, म्हणजे रीत पाठ करावी लागणार नाही. ३क्ष − ४य ही राशी प्रतलातल्या प्रत्येक बिंदूला एक संख्या देते. (०, ०) ला ०, (२, −५) ला २६, (१, ०) ला ३. आता एखाद्या बिंदूपासून ४ एकक उजवीकडे आणि ३ एकक वर जा. राशीत ३ × ४ = १२ ची भर पडते आणि ४ × ३ = १२ ची घट होते, म्हणजे किंमत जागची हलत नाही. या दिशेने कितीही पुढे-मागे गेलात तरी संख्या तीच राहते. नकाशावरच्या समोच्च रेषेवरून चालताना उंची बदलत नाही, तसंच हे आहे. किंमत −७ असलेले सगळे बिंदू म्हणजे तुमची दिलेली रेषा, किंमत २६ असलेले सगळे बिंदू म्हणजे हवी असलेली रेषा. एकाच बिंदूला राशीच्या दोन किमती असू शकत नाहीत, म्हणून या दोन रेषा कधीच भेटत नाहीत. समांतर असण्याची अट इथे वेगळी तपासावी लागत नाही, ती मांडणीतच आहे.

ख ची किंमत एकच येते यातही अर्थ आहे. रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर अशी एक आणि एकच रेषा काढता येते. युक्लिडच्या पाचव्या गृहीतकाचं हे रूप जॉन प्लेफेअर याच्या नावाने ओळखलं जातं, त्याने ते १७९५ मध्ये मांडलं. तुम्ही बिंदू ठेवून ख काढता तेव्हा बीजगणिताच्या भाषेत तेच वापरत असता.

शाळेत मात्र आधी चढाची रीत शिकवतात, आणि काही ठिकाणी तीच दाखवायला सांगतात. त्यामुळे ती यायला हवी, आणि ती नेमकी कुठे घसरते तेही माहीत हवं. दिलेलं समीकरण य = म·क्ष + क या रूपात आणायचं, म हा चढ:

३क्ष − ४य + ७ = ०
−४य = −३क्ष − ७
य = (३/४)क्ष + ७/४

चढ ३/४. समांतर रेषांचे चढ समान, म्हणून नव्या रेषेचा चढही ३/४. बिंदू (प, फ) असेल तर समीकरण य − फ = म(क्ष − प):

य − (−५) = (३/४)(क्ष − २)
४(य + ५) = ३(क्ष − २)
४य + २० = ३क्ष − ६
३क्ष − ४य − २६ = ०

आता चुकांच्या जागा. पहिली तुमचीच: अ·क्ष + ब·य + क = ० या रेषेचा चढ −अ/ब असतो. इथे अ = ३, ब = −४, म्हणून −३/(−४) = ३/४. सूत्रातलं ऋण चिन्ह आणि ब चं स्वतःचं ऋण चिन्ह अशी दोन चिन्हं एकत्र येतात. त्यांपैकी एक विसरलं की −३/४ मिळतं आणि पुढचं सगळं गणित शिस्तीत चुकीच्या वाटेने जातं. उपाय सोपा आहे: सूत्रात किंमत घालण्याआधी अ = ३, ब = −४ असं चिन्हासकट वेगळ्या ओळीत लिहा.

दुसरी जागा, य एकटा करण्याआधीच चढ वाचणे. २य = ६क्ष + ५ पाहिलं की अनेक जण चढ ६ लिहितात. य चा सहगुणक १ झाल्याशिवाय क्ष चा सहगुणक म्हणजे चढ नव्हे; इथे चढ ३ आहे. य = ५ − २क्ष मध्ये तर ५ आधी लिहिलेला दिसतो म्हणून चढ ५ धरला जातो. पदांचा क्रम पाहू नका, क्ष कुणाला चिकटला आहे ते पाहा.

तिसरी जागा, छेद काढताना अर्धाच गुणाकार. ४ ने गुणल्यावर ४य + ५ = ३क्ष − ६ किंवा ४य + २० = ३क्ष − २ असं लिहिलं जातं. कंस सोडण्याची घाई हे कारण. वर मुद्दाम ४(य + ५) = ३(क्ष − २) ही ओळ वेगळी ठेवली आहे; ती वगळू नका.

चौथी, ऋण निर्देशक. फ = −५ असताना य − फ म्हणजे य + ५. हा बदल मनातल्या मनात करण्यापेक्षा आधी य − (−५) असं पूर्ण लिहिणं स्वस्त पडतं.

आणि एक चूक या सगळ्यांपेक्षा वेगळ्या जातीची आहे: लंब आणि समांतर यांची सरमिसळ. चढ उलटा करून चिन्ह बदलायचं ते लंब रेषेसाठी. याच बिंदूतून जाणारी लंब रेषा हवी असती तर सहगुणकांची अदलाबदल करून आणि एकाचं चिन्ह बदलून ४क्ष + ३य = ख घेतलं असतं, ख = ८ − १५ = −७. समांतरसाठी सहगुणकांना स्पर्शही करायचा नाही.

चढाची रीत जिथे अडकतेच अशी एक जागा आहे, उभी रेषा. क्ष = ३ ला समांतर आणि (−२, ७) मधून जाणारी रेषा काढा म्हटलं तर चढ सांगताच येत नाही, कारण −अ/ब मध्ये छेद शून्य होतो. काही जण तिथे चढ ० लिहून य = ७ हे उत्तर देतात, जी रेषा दिलेल्या रेषेला चक्क लंब आहे. सहगुणकांच्या रीतीला ही अडचण माहीतच नाही: १·क्ष + ०·य = ख, बिंदू ठेवा, ख = −२, रेषा क्ष = −२. आडव्या रेषेचंही तसंच: य = ४ ला समांतर आणि (−२, ७) मधून जाणारी रेषा य = ७. चढ शून्य असणे आणि चढ निश्चित न करता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

गणित सुरू करण्याआधी एक छोटी तपासणी करायची सवय लावा: दिलेला बिंदू दिलेल्याच रेषेवर तर नाही ना? समजा बिंदू (−१, १) असता. ३(−१) − ४(१) + ७ = ०, म्हणजे तो मूळ रेषेवरच आहे. रीत यांत्रिकपणे चालवली तर ख = −७ येईल आणि तीच रेषा परत मिळेल. समांतर रेषा म्हणजे न भेटणाऱ्या दोन वेगळ्या रेषा अशी शालेय व्याख्या घेतली, तर अशी रेषा अस्तित्वातच नाही आणि तसं उत्तर लिहायला हवं. उच्च गणितात पुष्कळदा प्रत्येक रेषा स्वतःला समांतर मानतात, कारण मग समांतर असणे हा सममूल्य संबंध (ज्यात प्रत्येक वस्तूचा स्वतःशीही संबंध असावाच लागतो असा) बनतो. तिथे तीच रेषा हे उत्तर चालतं. कोणती व्याख्या लागू आहे ते पाहून लिहा.

सगळी गणितं सरळ समीकरण देऊन सुरू होत नाहीत. रेषेऐवजी तिच्यावरचे दोन बिंदू देतात, उदाहरणार्थ (१, २) आणि (५, −४), आणि (−३, ०) मधून जाणारी समांतर रेषा विचारतात. इथे मूळ रेषेचं समीकरण पूर्ण काढण्यात वेळ घालवू नका, तिची दिशा तेवढी लागते. क्ष मधला फरक ५ − १ = ४, य मधला फरक −४ − २ = −६. चढ −६/४ = −३/२. म्हणून ३क्ष + २य = ख, आणि (−३, ०) ठेवल्यावर ख = −९. उत्तर ३क्ष + २य + ९ = ०. घोटाळा होतो तो वजाबाकीच्या क्रमात: वर दुसऱ्यातून पहिला आणि खाली पहिल्यातून दुसरा वजा केला की चढाचं चिन्ह उलटतं. पडताळणीसाठी दिशा (४, −६) डाव्या बाजूत ठेवा: ३ × ४ + २ × (−६) = ०. शून्य आलं की दिशा बरोबर.

कधी समीकरण अपूर्णांकात असतं, क्ष/३ + य/५ = १, बिंदू (६, −१०). आधी १५ ने गुणून ५क्ष + ३य = १५ करा. मग ख = ३० − ३० = ०, रेषा ५क्ष + ३य = ०. ती आरंभबिंदूतून जाते, आणि म्हणूनच तिचं उत्तर मूळ समीकरणाच्या आंतरछेद रूपात (छेदांमध्ये आंतरछेद, म्हणजे रेषा अक्षांना जिथे छेदते ते निर्देशक, असलेल्या रूपात) लिहिता येत नाही: दोन्ही आंतरछेद शून्य आहेत आणि शून्याने भागता येत नाही. उत्तर त्याच रूपात हवं या हट्टापायी इथे लोक अर्धा तास घालवतात. दशांश सहगुणकांचंही तसंच. ०.४क्ष − १.५य = २.१ दिसलं की आधी १० ने गुणून ४क्ष − १५य = २१ करा आणि मगच पुढे जा.

उत्तर जुळत नाही अशी तक्रार करण्याआधी दोन्ही उत्तरं एकाच रूपात आणून पाहा. ३क्ष − ४य − २६ = ०, −६क्ष + ८य + ५२ = ० आणि य = (३/४)क्ष − १३/२ या तिन्ही एकच रेषा आहेत. समीकरणाला शून्येतर संख्येने गुणल्याने रेषा बदलत नाही. झटपट ओळखायचं तर सहगुणकांची गुणोत्तरं पाहा: ३/(−६), −४/८ आणि −२६/५२, तिन्ही −१/२. पहिली दोन समान आणि तिसरं वेगळं असेल तर रेषा समांतर. तिन्ही समान असतील तर रेषा एकच. एकसामयिक समीकरणांच्या प्रकरणात उकल नसणे आणि अनंत उकली असणे म्हणतात ते हेच.

तिसरं गुणोत्तर पाहण्याचा आळस कुठे महागात पडतो ते या गणितात दिसतं: २क्ष + त·य = ६ आणि त·क्ष + ८य = १२ या रेषा समांतर असण्यासाठी त ची किंमत काढा. २/त = त/८ वरून त² = १६, त = ४ किंवा −४. बरेच जण इथेच थांबून दोन्ही किमती लिहितात. पण त = ४ घेतल्यावर समीकरणं २क्ष + ४य = ६ आणि ४क्ष + ८य = १२ होतात; ही एकच रेषा आहे. त = −४ घेतल्यावर २क्ष − ४य = ६ आणि −४क्ष + ८य = १२, दुसऱ्याला −२ ने भागल्यावर २क्ष − ४य = −६. या खरोखर समांतर आहेत. उत्तर एकच, −४.

बिंदूऐवजी अंतर दिलेलं असेल तर गणित थोडं वेगळं वळण घेतं. ३क्ष − ४य + ७ = ० पासून २ एकक अंतरावरच्या समांतर रेषा काढा. अ·क्ष + ब·य + क = ० आणि अ·क्ष + ब·य + ख = ० यांच्यातलं अंतर म्हणजे |ख − क| भागिले √(अ² + ब²). इथे छेद √(९ + १६) = ५, म्हणून |ख − ७| = १०, ख = १७ किंवा −३. रेषा दोन: ३क्ष − ४य + १७ = ० आणि ३क्ष − ४य − ३ = ०. एक मूळ रेषेच्या या बाजूला, दुसरी त्या बाजूला. केवलमूल्य सोडवताना एकच चिन्ह घेतलं की निम्मं उत्तर हरवतं.

या सूत्रात दोन सापळे आहेत. एक, दोन्ही समीकरणांत क्ष आणि य चे सहगुणक तंतोतंत तेच असायला हवेत, नुसतं प्रमाण सारखं असून भागत नाही. ३क्ष − ४य + ७ = ० आणि ६क्ष − ८य + १ = ० यांतलं अंतर |७ − १|/५ = १.२ नाही. पहिलं समीकरण दुप्पट करून ६क्ष − ८य + १४ = ० लिहा, मग |१४ − १|/१० = १.३. दुसरा सापळा जास्त फसवा आहे: रेषा य = (३/४)क्ष + ७/४ अशी लिहून आंतरछेदात सरळ २ मिळवायचे. त्याने रेषा २ एकक वर सरकते खरी, पण रेषांमधलं अंतर लंब दिशेने मोजतात. नवी रेषा ३क्ष − ४य + १५ = ० होते आणि अंतर ८/५ = १.६ भरतं. रेषा जितकी तिरपी, तितका हा फरक मोठा. फक्त आडव्या रेषेत दोन्ही अंतरं एक होतात.

वर्तुळाची स्पर्शिका विचारली तरी हेच सूत्र कामी येतं. क्ष² + य² = २५ या वर्तुळाला ३क्ष − ४य + ७ = ० शी समांतर स्पर्शिका हव्या असतील, तर केंद्रापासूनचं अंतर त्रिज्येइतकं असायला हवं: |ख|/५ = ५, म्हणून ३क्ष − ४य + २५ = ० आणि ३क्ष − ४य − २५ = ०. स्पर्शबिंदू शोधायची गरज पडली नाही. क्षेत्रफळाच्या अटीतही रेषा दोनच येतात. ३क्ष + ४य = १ ला समांतर असलेल्या ज्या रेषा अक्षांसोबत २४ चौरस एककांचा त्रिकोण करतात, त्या ३क्ष + ४य = ख अशा लिहा: आंतरछेद ख/३ आणि ख/४, क्षेत्रफळ ख²/२४ = २४, म्हणून ख = २४ किंवा −२४.

आणखी एक प्रकार परीक्षकांना फार आवडतो: दोन रेषांच्या छेदनबिंदूतून जाणारी आणि तिसरीला समांतर रेषा. छेदनबिंदू सुटसुटीत येत असेल तर तो काढून ख ची रीत लावा. पण २क्ष + ३य − ४ = ० आणि ५क्ष − २य − ३ = ० यांचा छेदनबिंदू (१७/१९, १४/१९) आहे, आणि असल्या अपूर्णांकांत हमखास गणित बिघडतं. त्याऐवजी छेदनबिंदूतून जाणाऱ्या रेषांचं कुलच घ्या:

(२क्ष + ३य − ४) + ल(५क्ष − २य − ३) = ०

म्हणजे (२ + ५ल)क्ष + (३ − २ल)य − (४ + ३ल) = ०. ही रेषा क्ष + य = ० ला समांतर हवी असेल तर दोन्ही सहगुणक समान: २ + ५ल = ३ − २ल, ल = १/७. किंमत ठेवून ७ ने गुणलं की १९क्ष + १९य = ३१. छेदनबिंदूच्या निर्देशकांची बेरीज ३१/१९ आहे, त्यामुळे पडताळणीही झाली. या कुलातून दुसरी रेषा स्वतः मात्र कधीच मिळत नाही, ल कितीही घ्या. तिसरी रेषा नेमकी तिलाच समांतर असेल तर ल चं समीकरण विसंगत होतं, आणि मग उत्तर ती दुसरी रेषाच असते.

आलेख काढून तपासणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी आणि एक इशारा. दोन्ही अक्षांवर प्रमाण वेगवेगळं घेतलं, म्हणजे आडवं १ सेंटीमीटरला १ एकक आणि उभं १ सेंटीमीटरला ५ एकक, तरी समांतर रेषा समांतरच दिसतात. म्हणून समांतरपणा डोळ्यांनी तपासायला कोणताही आलेख चालतो. लंबपणा आणि अंतर मात्र तसं तपासता येत नाही. प्रमाण वेगळं असलं की काटकोन काटकोनासारखा दिसत नाही आणि पट्टीने मोजलेलं अंतर खोटं असतं.

हेच काम संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये करायचं असेल तर चढांची तुलना करू नका. उभ्या रेषेला शून्याने भागाकार होईल आणि जवळजवळ उभ्या रेषांचे चढ अवाढव्य येतील. दोन रेषांच्या सहगुणकांचा तिरकस गुणाकार घ्या: पहिलीचा अ गुणिले दुसरीचा ब, वजा दुसरीचा अ गुणिले पहिलीचा ब. तो शून्य असेल तर दिशा एक. सहगुणक दशांशात असतील तर नेमकं शून्य येण्याची अपेक्षा ठेवू नका, कारण द्विमान पद्धतीत साठवलेल्या ०.१ आणि ०.२ यांची बेरीजसुद्धा ०.३ शी तंतोतंत जुळत नाही. गुणाकारातल्या फरकाला दोन्ही रेषांच्या √(अ² + ब²) ने भागा आणि मग तो एखाद्या लहान मर्यादेपेक्षा कमी आहे का ते पाहा. न भागता मर्यादा लावली तर सहगुणक हजारपट मोठे लिहिल्यावर तीच रेषाजोडी समांतर नाही असं उत्तर येईल.

डावी बाजू राखण्याची ही युक्ती प्रतलापुरतीच आहे. त्रिमितीत ३क्ष − ४य = २६ ही रेषा नसून एक उभं प्रतल आहे, आणि न भेटणाऱ्या दोन रेषा समांतर असतीलच असंही नाही; त्या एका प्रतलात नसतील तर विषमतलीय असतात. तिथे राखायची ती दिशा. तिसरा चल झ घेतला आणि रेषा (क्ष − १)/२ = (य + ३)/५ = (झ − ४)/(−१) अशी दिली, तर तिची दिशा छेदांमध्ये आहे: (२, ५, −१). (०, ७, २) मधून जाणारी समांतर रेषा काढताना छेद तसेच ठेवून अंशांमध्ये नवा बिंदू घाला:

क्ष/२ = (य − ७)/५ = (झ − २)/(−१)

इथे नवा बिंदू मूळ रेषेवर नाही ना, हे पाहायला तो मूळ समीकरणात ठेवा: −१/२, १०/५ = २ आणि −२/(−१) = २. पहिलं गुणोत्तर वेगळं आहे, म्हणजे रेषा खरोखर निराळी आहे.